फोन कुणाला लावायचा?

26 ऑगस्ट 2025ची मध्यरात्र उलटत होती आणि घरोघरी गणपती बसायला काही तास उरले होते. अशा वेळी विरार पूर्वेच्या विजयनगरमधल्या रमाबाई अपार्टमेंट या अनधिकृत इमारतीचा एक भाग कोसळला. 17 माणसं दगावली. ज्यांची घरं गेली त्या कुटुंबांना चंदनसारच्या समाजमंदिरात हलवण्यात आलं. पुढचे काही दिवस वाहिन्यांवर हीच बातमी होती. पालिकेचे अधिकारी बोलले, बचाव पथकातले लोक बोलले, सगळ्या पक्षांचे पुढारी बोलले, एखाद्या चर्चेत स्ट्रक्चरल इंजिनिअरही आले. बांधकामाचा दर्जा, नोटिसा, गुन्हा कुणावर दाखल झाला, हे सगळं कळलं. मी ज्या चर्चा पाहिल्या त्यांत एक प्रश्न मात्र कुणी काढला नाही. पोटाला चिमटा काढून जमवलेला पैसा माणसं अशा इमारतीत का घालतात?

या प्रश्नाला उत्तर आहे आणि ते अभ्यासातून मिळालेलं आहे. अनधिकृत इमारतीलाही घरपट्टीची पावती मिळते, वर शास्ती लावून मिळते. विजेचं मीटर मिळतं. रेशनकार्डावर तो पत्ता चढतो. घर घेणाऱ्याच्या लेखी ही सगळी सरकारी कागदपत्रंच असतात, आणि त्यांच्या भरवशावर तो मागचापुढचा विचार बाजूला ठेवून बयाणा देतो. मुंबईत परवडेना म्हणून दहिसर, तिथे परवडेना म्हणून भाईंदर, मग नालासोपारा, मग विरार, असा हा प्रवास आहे. शहराच्या या सरकत्या कडेवर वर्षानुवर्षं काम करणाऱ्या संशोधकांत बायका पुष्कळ आहेत. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या अमिता भिडे यांचं मुंबईतल्या वस्त्या आणि घरांच्या प्रश्नावरचं काम कित्येक वर्षांचं आहे. इमारत पडली त्या आठवड्यात अशा कुणाला फोन गेला असता तर बातमीचं वळण बदललं असतं, असं मला मनापासून वाटतं.

समाजशास्त्रं, म्हणजे समाज, अर्थकारण, राजकारण, इतिहास यांचा अभ्यास करणाऱ्या जाणत्या स्त्रिया लोकांसमोर का येत नाहीत आणि त्यांना पुढे आणायचं तर काय करावं लागेल, असा विषय संपादकांनी या अंकासाठी दिला, तेव्हा ही घटना ताजी होती. पुण्या-मुंबईच्या चर्चासत्रांत हा विषय अधूनमधून निघतो आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत टिकतो. मी तो घेऊन चंदनसारला गेले, कारण जाणकार बाई दिसेनाशी झाली की तोटा कुणाचा होतो, ते चर्चासत्रात कळत नाही.

चंदनसारचा रस्ता

विरार स्टेशनच्या पूर्वेला उतरलं की शेअर रिक्षांची रांग लागते. पाठीमागे तिघं, पुढे ड्रायव्हरच्या बाजूला अंग चोरून एक. कुठूनही मान वर केली की जीवदानीचा डोंगर दिसतो. चंदनसार हे मुळात गाव. अजूनही जुनी कौलारू घरं, विहिरी, चिंचेची झाडं मधूनमधून तग धरून आहेत आणि त्यांना खेटून चाळी, चार मजली इमारती, गाळे, वेल्डिंगची दुकानं उभी राहिली आहेत. 2009 साली वसई-विरार शहर महानगरपालिका झाली. चंदनसार हे तिच्या एका प्रभाग समितीचं नाव आहे. 2014च्या 1 ऑगस्टला पालघर जिल्हा वेगळा झाला. 2011च्या जनगणनेत महापालिका हद्दीची लोकसंख्या 12 लाखांच्या वर होती. आज ती किती असेल हे चंदनसारच्या नाक्यावर सकाळी सहाला उभं राहिल्यावर अंदाजाने कळतं.

सकाळी इथून बायकांचा लोंढा निघतो. घरकामाला, कारखान्यांत, दुकानांत, दवाखान्यांत. पश्चिम रेल्वेची लेडीज स्पेशल 5 मे 1992 रोजी चर्चगेट ते बोरिवली सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी ती विरारपर्यंत आली. या डब्यांत भाजी निवडणाऱ्या, भिशीचे हिशेब करणाऱ्या, उभ्याने डुलकी काढणाऱ्या बायकांची वर्णनं आपण सगळ्यांनी वाचली आहेत. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे या तिघींनी मात्र मुंबईत बाई घराबाहेर कशी वावरते याचा नेटाने अभ्यास केला. कामाशिवाय, निमित्ताशिवाय तिला कुठे थांबता येतं का, हा त्यांचा प्रश्न होता. ‘व्हाय लॉइटर?’ हे त्यांचं पुस्तक 2011 साली आलं आणि त्यातून मुलींनी रस्त्यावर, बागेत, टपरीवर उगाच थांबण्याचे उपक्रम सुरू केले. संशोधन लोकांच्या तोंडी गेल्याचं हे अलीकडचं एक चांगलं उदाहरण आहे. ते इंग्रजीत होतं, म्हणून चंदनसारच्या नाक्यापर्यंत यायला त्याला वेळ लागला. काही बाबतींत ते अजून पोचलेलंच नाही.

वहीवाल्या ताई

एका अंगणवाडीत मी दुपारी बसले होते. पोरं घरी गेली होती, चटया गुंडाळून कोपऱ्यात ठेवल्या होत्या. सेविका ताई वजनाच्या नोंदी मोबाइलवर चढवत होत्या आणि त्याच नोंदी जाड पुठ्ठ्याच्या रजिस्टरमध्येही उतरवत होत्या, कारण नेट गेलं की मोबाइलवरचं काही दिसत नाही. रजिस्टरला घरांचा क्रम होता. समोर कुटुंबप्रमुख, गरोदर बाई, स्तनदा माता, सहा वर्षांखालची मुलं, आणि अगदी कडेला, छापील रकान्याच्या बाहेर, पेन्सिलीने त्यांनी स्वतःसाठी ठेवलेल्या खुणा.

“ही खूण कसली, ताई?”

“हे भाड्याचं घर. अकरा महिन्यांनी ही बाई इथे नसणार. पोर दुसऱ्या अंगणवाडीत जाईल, किंवा जाणारच नाही. मग माझ्याकडे नाव तसंच राहतं, आणि साहेब विचारतात लाभार्थी कमी का झाले.”

आणखी एक खूण होती. नवरा गावी आणि बाई इथे एकटी, अशा घरांची. ती खूण करायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. अशा घरातलं मूल आजारी पडलं तर दवाखान्यात न्यायला कुणी नसतं, म्हणून त्यांनी आपली खूण ठेवली. स्थलांतर, भाड्याचं घर आणि मुलाचं पोषण यांचा संबंध त्या पेन्सिलीच्या खुणांत सरळ दिसत होता. एखाद्या संशोधकाला प्रबंधाचा विषय म्हणून हेच सुचलं असतं.

एकात्मिक बालविकास योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झाली, म्हणजे आता तिला 50 वर्षं झाली. या 50 वर्षांत देशातल्या घराघराची जी माहिती जमली त्यातली फार मोठी माहिती बायकांनी पायपीट करून आणलेली आहे. सेविका, मदतनीस, आशा, जनगणनेला जुंपलेल्या शिक्षिका. विद्यापीठांचे आणि संस्थांचे सर्व्हे होतात तेव्हाही प्रश्नावली घेऊन दारोदार फिरणाऱ्यांत मुली असतात, कारण दुपारी घरात बाईच असते आणि ती परक्या पुरुषाशी बोलत नाही. अहवाल छापून येतो तेव्हा या मुलींची नावं मागच्या पानावरच्या आभारात, एका ओळीत, बऱ्याचदा “सर्व क्षेत्रीय कर्मचारी” अशी येतात. अभ्यासातली बाई दिसेनाशी होण्याची सुरुवात इथून होते. वाहिनीच्या चर्चेतली रिकामी खुर्ची ही पुष्कळ पुढची गोष्ट आहे.

मीनाक्षी मून आणि ऊर्मिला पवार यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक 1989 साली आणलं, ते अशाच पायपिटीतून. आंबेडकरी चळवळीत वावरलेल्या बायका त्यांनी शोधून काढल्या, त्यांच्या घरी जाऊन त्यांना बोलतं केलं. ज्यांच्या नावाची कुठे नोंद नव्हती त्यांची नोंद केली. या कामासाठी दोघींनी विद्यापीठाच्या खुर्चीची वाट पाहिली नाही. 2008 साली वंदना सोनाळकर यांनी त्याचं इंग्रजी भाषांतर केलं आणि मग विद्यापीठांतही ते संदर्भग्रंथ म्हणून वाचलं जाऊ लागलं. मराठीत आधी आणि इंग्रजीत नंतर, हा क्रम मला फार मोलाचा वाटतो.

याच जिल्ह्यात

पालघर जिल्ह्याला बायकांनी केलेल्या अभ्यासाचं वावडं नाही. तलासरी, डहाणू, उंबरगाव या पट्ट्यात 1945 साली वारल्यांचा उठाव झाला. वेठ आणि लग्नगडीची पद्धत मोडून काढणाऱ्या त्या लढ्यात गोदावरी परुळेकर आघाडीवर होत्या. त्यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ला 1972चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आपण ते चळवळीची कहाणी म्हणून वाचतो. पण वेठ कशी लावली जाते, लग्नासाठी घेतलेलं कर्ज माणसाला बायकोसकट कसं बांधून टाकतं, सावकार-जमीनदाराची भीती माणसाच्या उभं राहण्यात आणि बोलण्यात कशी उतरते, याचं इतकं बारीक निरीक्षण करणारा ग्रंथ समाजशास्त्राचाच म्हणायला हवा.

उठावानंतर चार दशकांनी इंद्रा मुन्शी यांनी त्यातल्या आदिवासी बायकांकडे पाहिलं. 1986 साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त त्यांचा लेख आला. लढ्यात बायका होत्या. मग त्यांचे म्हणून जे प्रश्न होते ते लढ्याच्या मागण्यांत का उतरले नाहीत, हा त्यांचा रोख होता. पुढे त्या मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाच्या प्रमुख झाल्या. विरार पूर्वेच्या पाड्यांवर आजही वारली, काथोडी, मल्हार कोळी कुटुंबं राहतात आणि त्यांच्या जमिनींच्या बातम्या दर आठवड्याला येतात. या बातम्या लिहिणाऱ्या वार्ताहर मित्राला मी मुन्शींच्या लेखाबद्दल विचारलं. त्याने तो पाहिलेला नव्हता. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. तो लेख इंग्रजीत आहे, वर्गणीच्या कुलुपाआड आहे आणि त्याचा दोन पानी मराठी गोषवारा माझ्या तरी पाहण्यात नाही.

इरावतीबाई कशा दिसल्या

महाराष्ट्रात समाजशास्त्रातली बाई म्हटलं की आजही पहिलं नाव इरावती कर्वे यांचं येतं. 1905 साली ब्रह्मदेशात जन्म, मुंबईत समाजशास्त्रज्ञ गोविंद सदाशिव घुर्ये यांच्याकडे शिक्षण, बर्लिनला जाऊन डॉक्टरेट, 1939पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. बर्लिनमध्ये त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, वंशश्रेष्ठत्वाच्या सिद्धान्ताचे मोठे पुरस्कर्ते. कवट्यांच्या मोजमापातून तो सिद्धान्त सिद्ध होत नाही, असा निष्कर्ष इरावतीबाईंनी त्यांच्याच संस्थेत बसून मांडला. भारतातल्या नातेसंबंधांवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ 1953 साली आला आणि जगभरच्या अभ्यासकांनी तो वाचला.

मराठी घरांत त्यांचं नाव पोचलं ते मात्र त्यांच्या मराठी लेखनामुळे. ललित लेख, वारीवरचं लेखन, आणि मग ‘युगान्त’, ज्याला 1968 साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मासिकं होती, संपादक मागे लागून लेख घेत होते, दिवाळी अंक होते. कोयना धरणाने उठवलेल्या लोकांची पाहणी त्यांनी जाई निंबकर यांच्याबरोबर केली तीही याच काळातली. गावं फिरणारी, हाडं मोजणारी आणि मराठीत लिहिणारी बाई एकच होती, म्हणून लोकांना ती एकसंध दिसली.

आता दुसरं नाव घेते. दांडेकर म्हटलं की अर्थशास्त्राचा कुठलाही मराठी वाचक वि. म. दांडेकर म्हणेल आणि ते योग्यच आहे. नीलकंठ रथ यांच्याबरोबरचं त्यांचं गरिबीवरचं पुस्तक 1971 सालापासून संदर्भ म्हणून वापरलं जातं. पण ते ज्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत होते तिथेच कुमुदिनी दांडेकर लोकसंख्याशास्त्रात काम करत होत्या. रोजगार हमी योजनेवरचा त्यांचा अभ्यास 1983 साली प्रसिद्ध झाला आणि त्यात हमीची योजना बायकांना कामाची संधी म्हणून कशी उपयोगी पडते, हे कामावर जाऊन तपासलेलं आहे. महाराष्ट्राने दुष्काळात सुरू केलेली ही योजना पुढे साऱ्या देशाच्या रोजगार हमी कायद्याला वाट दाखवणारी ठरली. तिच्यावर बोलायचं झालं की तिचे जनक म्हणून वि. स. पाग्यांचं नाव आपण आदराने घेतो. कुमुदिनीबाईंचं नाव मी जाहीर व्याख्यानात फार क्वचित ऐकलं आहे.

आणि सुलभा ब्रह्मे. अर्थशास्त्रज्ञ डॉ. धनंजयराव गाडगिळांची ही कन्या, स्वतःही अर्थशास्त्रज्ञ. मराठीत पुस्तिका लिहिणं हा त्यांनी आयुष्यभर कामाचा भाग मानला. पाणी, दुष्काळ, वीज, शेती, जागतिकीकरण. स्वस्त कागद, थोडी पानं, आकडे आणि त्यांचा अर्थ. मोर्चाच्या आधी कार्यकर्त्यांच्या पिशवीत या पुस्तिका असायच्या. पुण्यातलं शंकर ब्रह्मे समाजविज्ञान ग्रंथालय त्यांच्या या कामाचं केंद्र होतं. 2016 साली त्या गेल्या. त्यांच्या पुस्तिका ज्यांनी वाचल्या ते लोक आजही वीजबिलाचा हिशेब स्वतः समजावून सांगू शकतात. विद्यापीठीय पदोन्नतीच्या गुणांकनात मराठी पुस्तिकेला आज जवळपास काही मोल नाही, आणि तरुण संशोधक मुलींनी हे काम का सोडलं याचं एक मोठं कारण तेच आहे. इंग्रजी नियतकालिकातल्या लेखाला गुण आहेत, मराठी वर्तमानपत्रातल्या लेखाला नाहीत. हा नियम बदलण्यासाठी कुलगुरूंनी आणि अनुदान आयोगाने पुढे यायला हवं.

‘गेस्ट’ कोण, हे ठरतं कसं

वाहिनीच्या कचेरीत सायंकाळच्या चर्चेसाठी माणसं जमवायचं काम दुपारी सुरू होतं. ते करणारी मंडळी तरुण असते, हातात एक जुनी यादी असते, आणि घड्याळ धावत असतं. पहिला फोन त्याला जातो जो कालही आला होता. तो लगेच ‘हो’ म्हणतो, त्याला कॅमेऱ्यासमोर बोलायची सवय आहे, तो विषय कुठलाही असला तरी येतो. संशोधक बाईला फोन गेला तर ती विचारते, विषय नेमका काय, मला किती मिनिटं मिळतील, समोर कोण असेल. तिला तयारीला वेळ हवा असतो. रात्री नऊची चर्चा म्हणजे घरात मुलांच्या जेवणाची वेळ. विद्यापीठात नोकरी असेल तर परवानगीचा प्रश्न येतो. आणि बोलून झाल्यावर समाजमाध्यमांवर तिच्या साडीपासून आडनावापर्यंत जे काही लिहिलं जातं, ते पुढच्या फोनच्या वेळी तिला आठवतं. दोनदा ‘नाही’ आलं की यादीतलं नाव खाली जातं. पुढे ते यादीतूनच गळतं.

यादीत टिकलेल्या बाईला बोलावणं येतं ते 8 मार्चला, किंवा एखादा अत्याचार घडला की. अर्थसंकल्प, जमीन, पाणी, निवडणूक, जातीचं राजकारण यांवर तिचा पंचवीस वर्षांचा अभ्यास असला तरी तिला ‘महिलांच्या दृष्टिकोनातून’ बोलायला सांगितलं जातं. शर्मिला रेगे यांनी जात आणि स्त्रीप्रश्न वेगळे काढता येत नाहीत, हे पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्रात शिकवताना आणि 2006च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिलं. 2013 साली त्या अकाली गेल्या. त्यांनी ज्या पद्धतीने प्रश्न मांडले त्या पद्धतीने प्रश्न विचारणारे सूत्रसंचालक आजही मोजकेच आहेत.

जगभरच्या बातम्यांचं मोजमाप करणाऱ्या ग्लोबल मीडिया मॉनिटरिंग प्रोजेक्टला 1995 साली बातम्यांत दिसणाऱ्या-बोलणाऱ्या माणसांत 17 टक्के बायका आढळल्या. 2020 साली त्या 25 टक्के झाल्या. पाव शतकात शंभरामागे आठ बायकांची वाढ. बीबीसीतले रॉस अ‍ॅटकिन्स यांनी 2017 साली आपल्या एका कार्यक्रमापुरता साधा उपाय केला. रोज कार्यक्रम संपल्यावर सगळ्यांनी मिळून मोजायचं, आज किती बायका बोलल्या. सुरुवातीला 39 टक्के भरल्या, चार महिन्यांत निम्म्या झाल्या. अमेरिकेतल्या राज्यशास्त्राच्या प्राध्यापिकांनी 2016 साली विषयवार आपली यादीच करून पत्रकारांसमोर ठेवली. दोन्ही उपाय बिनखर्चाचे आहेत. मराठीतल्या एखाद्या दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीने उद्यापासून हे मोजायला घेतलं तर कुणाची परवानगी लागणार नाही.

पान नाही म्हणून नाव नाही

आजचा वार्ताहर नाव आधी मोबाइलवर शोधतो. विकिपीडियावर पान असेल तर माणूस मोठा, असा एक समज झालेला आहे. विकिपीडियाचा नियम असा की ज्या व्यक्तीबद्दल इतरांनी, स्वतंत्रपणे, छापून आणलं आहे तिचंच पान राहू शकतं. म्हणजे वर्तमानपत्रात नाव नाही म्हणून पान नाही, पान नाही म्हणून वार्ताहराला नाव सापडत नाही, आणि नाव सापडत नाही म्हणून वर्तमानपत्रात येत नाही. कॅनडाच्या डोना स्ट्रिकलंड यांना 2018 साली भौतिकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं, त्याच वर्षी काही महिने आधी त्यांच्यावरचं इंग्रजी पान पुरेसे संदर्भ नाहीत म्हणून नाकारलं गेलं होतं. नोबेलच्या तोलाच्या बाईची ही गत, तर गोखले संस्थेत तीस वर्षं काम केलेल्या बाईचं काय होत असेल, याचा विचार करावा.

मराठी विकिपीडिया 2003 सालापासून आहे. कुणीही लिहू शकतं. नीरा देसाई यांनी 1974 साली एसएनडीटी विद्यापीठात देशातलं पहिलं स्त्री अभ्यास संशोधन केंद्र उभं केलं. 1981ची पहिली राष्ट्रीय स्त्री अभ्यास परिषदही तिथेच भरली. त्या केंद्राच्या कपाटांत, पुणे विद्यापीठाच्या केंद्रात, जिल्ह्याच्या ग्रंथालयांत जुनी कात्रणं, परीक्षणं, गौरव अंक पडून आहेत. पान टिकायला लागतो तो संदर्भ तिथे आहे. महाविद्यालयांतल्या समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून एकेका अभ्यासक बाईचं पान, संदर्भांसकट, मराठीत लिहायला दिलं तर वर्षभरात चित्र बदलेल. मृत्युलेखांची वाट बघायची गरज नाही.

जिल्ह्याची यादी

मला या सगळ्यात सर्वांत जवळचा वाटतो तो उपाय जिल्ह्यापुरता आहे. घरं, पाणी, आदिवासी जमीन, मासेमारी, स्थलांतर, रेल्वेप्रवास, शाळागळती, स्थानिक निवडणुका हे पालघर जिल्ह्याचे रोजचे विषय आहेत. प्रत्येक विषयासमोर दोन-तीन बायकांची नावं, त्यांचं काम कशावर आहे याच्या चार ओळी, त्या कोणत्या वेळी बोलू शकतात आणि मराठीत बोलतात का, एवढं लिहिलेलं पत्रक हवं. ते प्राध्यापिकांनी आणि पत्रकारांनी एकत्र बसून करावं, आणि त्यात विद्यापीठातल्या नावांशेजारी सेविका, आशा, पाड्यांवर काम करणाऱ्या कार्यकर्त्या यांचीही नावं असावीत. माहितीचा स्रोत म्हणून त्यांचं नाव छापावं. अहवालात आभाराच्या ओळीतून त्यांना लेखकांच्या रकान्यात आणावं.

घाई आहे, कारण जनगणना तोंडावर आली आहे. घरांची यादी 2026मध्ये होणार आहे आणि लोकसंख्येची मोजणी 1 मार्च 2027 हा संदर्भ दिवस धरून. या वेळी जातीचीही नोंद होणार. चंदनसारच्या चाळींत घरोघरी जाणाऱ्यांत पुन्हा बायकाच मोठ्या संख्येने असतील. आकडे बाहेर पडले की वाहिन्यांवर महिनोन् महिने चर्चा झडतील, आणि दुपारी कुणीतरी तरुण मुलगा जुनी यादी काढून फोन लावायला बसेल.

अंगणवाडीतल्या ताईंना मी विचारलं, जनगणनेच्या फॉर्ममध्ये तुम्हाला एक प्रश्न घालायला सांगितला तर कोणता घालाल? त्यांनी लगेच सांगितलं, “हे घर किती महिन्यांसाठी घेतलंय, ते विचारा. बाकी सगळं त्याच्यामागून येतं.” मी तो प्रश्न लिहून घेतला आणि त्यांच्या परवानगीने नागरी प्रश्नांवर काम करणाऱ्या दोन प्राध्यापिकांना, ताईंच्या नावासकट, पाठवला आहे.